अर्धी सुपारी

(शिलाँग, पोलीस बाजारचा चौक. डिसेंबरातली दुपार. एका बंद दुकानाच्या पायरीवर मुलुंडचं एक वयस्क जोडपं.)

सुलक्षणा : आणि हा घाम कसला आलाय तुम्हाला? इथे माझी बोटं शालीतून बाहेर काढवत नाहीत, आणि तुम्ही असे थबथबलेले?

चंद्रप्रकाश : चढ आहे ना. नारळ शोधत पार वरपर्यंत गेलो होतो.

सुलक्षणा : मिळाला?

चंद्रप्रकाश : नाही गो. संत्री आहेत, अननस आहेत, कसल्या कसल्या पालेभाज्या आहेत. सुकी मासळी तर अशी की डोळे मिटले असते तर वाटलं असतं, मालवण बंदरावर उतरलो. नारळ एका ठिकाणी होता. हलवून बघितला, पाणीच वाजेना.

सुलक्षणा : तरी सांगत होते, मोठ्या बॅगेत टाका. नाही, हातातल्या पिशवीत ठेवलात आणि विमानतळावर तपासणीवाल्या मुलाने काढून घेतला. आता उद्या त्या मायलेकींची ओटी काय संत्र्याने भरू?

चंद्रप्रकाश : संत्र्यात काय वाईट? गोल तर आहे.

सुलक्षणा : गंमत नको. इकडे बघा. कान बघा किती लाल झालेत. छातीत धडधडतंय का?

चंद्रप्रकाश : जरासं.

सुलक्षणा : जरासं म्हणजे? बीपीची गोळी घेतलीत ना सकाळी? खरं सांगा. थांबा, मी सुयोगला फोन लावते. टॅक्सी स्टँडवरच असेल तो अजून.

चंद्रप्रकाश : अगं नको. ठेव तो फोन.

सुलक्षणा : ठेवू काय? परमुलखात आडवे झालात तर मी कुणाला हाक मारू? मला यांचं एक अक्षर कळत नाही.

चंद्रप्रकाश : सुपारी आहे ती!

सुलक्षणा : काय?

चंद्रप्रकाश : सुपारी. ओली. पानाला चुना लावून त्याच्याबरोबर देतात इथे. सवय नसली की कान तापतात. आपोआप उतरेल.

सुलक्षणा : तोंड उघडा. शी! जीभ बघा. या वयात हे धंदे? विकत घेतलीत?

चंद्रप्रकाश : नाही. दिली.

सुलक्षणा : कुणी?

चंद्रप्रकाश : एका बाईने.

सुलक्षणा : अनोळखी बाईने तुम्हाला बोलावून सुपारी दिली. एवढे काय देखणे लागून गेलात?

चंद्रप्रकाश : तसं म्हटलं तर अगदी अनोळखी नाही.

सुलक्षणा : अहो… तुम्ही त्या मायलेकींच्या दुकानावर गेला होतात.

चंद्रप्रकाश : नारळ शोधता शोधता जिना दिसला. ते बघ, वरच्या गॅलरीत, हिरवा पडदा लावलेलं. सुयोगने सकाळी दाखवलं ना.

सुलक्षणा : मला माहितेय कुठलं. मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसलेय. काय ठरलं होतं आपलं?

चंद्रप्रकाश : आज नुसता बाजार बघायचा.

सुलक्षणा : आणि?

चंद्रप्रकाश : उद्या त्यांच्या घरी जेवायला जायचं. गोड बोलायचं. पण हो की नाही ते मुलुंडला गेल्यावर.

सुलक्षणा : तोवर त्यांना शब्द द्यायचा नाही. आणि तुम्ही सरळ पोरीच्या आईच्या हातची सुपारी घेऊन आलात!

चंद्रप्रकाश : अगं, आपण दारात आलेल्याला पाणी विचारतो ना, तसं आहे ते यांचं. माझ्याआधी कुरियरवाला आला होता. त्यालाही दिली.

सुलक्षणा : त्याला लग्नाचा मुलगा आहे का?

चंद्रप्रकाश : ते नाही विचारलं.

सुलक्षणा : हसू नका. आमच्याकडे सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. मग मागे फिरत नाहीत. आमच्या शिवदासमामाने एका घरी नुसती हातात धरली होती, बोलण्याच्या नादात. त्याच घरात द्यावी लागली मुलगी.

चंद्रप्रकाश : सुखात आहे की ती. दोन नातवंडं झाली.

सुलक्षणा : तो मुद्दा नाही!

चंद्रप्रकाश : बरं, नाही तर नाही. सरक जरा. मला टेकू दे. काय गर्दी आहे गो. घाटकोपर स्टेशनचा बाजार उचलून डोंगरावर ठेवलाय आणि वर स्वेटर घातलंय, असं वाटतं. नाताळचे तारे बघ कसे टांगलेत, आपल्या कंदिलांसारखे. ते गिटारवालं पोरगं अजून तेच गाणं म्हणतंय?

सुलक्षणा : तुम्ही गेल्यापासून तेच. पण गळा गोड आहे. … तुम्ही काय सांगितलंत तिला? मी मुलाचा बाप म्हणून?

चंद्रप्रकाश : छे. गिऱ्हाईक म्हणून गेलो. म्हटलं, शाल दाखवा.

सुलक्षणा : कशी आहे?

चंद्रप्रकाश : शाल ना? जरा टोचते.

सुलक्षणा : बाई हो, बाई!

चंद्रप्रकाश : अच्छा. बारीक आहे. तुझ्याच वयाची. चष्मा डोक्यावर ठेवते आणि सगळ्या दुकानात शोधते. अगदी तुझी बहीण. नवरा मागे बसून शालींच्या घड्या घालत होता. टॅक्सी चालवतो म्हणे, पण आज काढली नाही वाटतं त्याने. एक घडी वाकडी झाली तर तिने ओढून घेतली, मोडली, परत घालायला लावली. तो मुकाट्याने घालत होता. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

सुलक्षणा : अंगात काय होतं? साडी नसेलच.

चंद्रप्रकाश : तेच, इथल्या बायका घालतात ते. खांद्यांवर पिना.

सुलक्षणा : सकाळपासून तेच बघत बसलेय मी. दोन तुकडे, दोन पिना. कात्री नाही, सुई नाही, आणि काय सुरेख पडतं अंगावर! आपल्याकडच्या बायकांनी हे धरलं असतं तर जन्मभर मशीनवर पाय कशाला मारले असते मी? जवळून बघायला हवं एकदा, आतून कसं घेतात ते.

चंद्रप्रकाश : चल की मग. जिना सोपा आहे. तुझ्या गुडघ्याला चालेल.

सुलक्षणा : गुडघ्याचं नाव काढू नका. त्या गुडघ्यामुळेच हे सगळं झालं.

चंद्रप्रकाश : त्याला गुडघा काय करणार?

सुलक्षणा : ऑपरेशन झालं नसतं तर नर्स म्हणून दाफिशा भेटली नसती, आणि सुयोग डबा द्यायच्या निमित्ताने दिवसातून तीनदा हॉस्पिटलात आला नसता. मला वाटायचं, काय गुणी मुलगा माझा, आईसाठी ऑफिस सोडून येतो!

चंद्रप्रकाश : मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. केस विंचरून यायचा.

सुलक्षणा : मग बोलला नाहीत ते? … मला ती पोर नको, असं मी कधी तरी म्हटलं का? मी पाय टेकवायला घाबरायचे, रडायचे. बाकीच्या नर्स ओरडायच्या. ती कमरेला धरायची आणि म्हणायची, "आई, एक पाऊल. मग चहा." दुसऱ्या दिवशी, "दोन पाऊल, मग चहा." त्या चहाच्या नादाने मी कॉरिडॉरभर चालले. अशी सून आली तर मी वाजतगाजत आणीन. देव ज्याचा त्याने सांभाळावा, मला चर्चचंही काही नाही. पण ती येणार नाही ना! माझा जाणार.

चंद्रप्रकाश : ती धाकटी आहे. यांच्यात आईचं घर धाकटीचं. आईबापाला तिनेच बघायचं, आणि लग्न झालं की नवऱ्याने तिच्याकडे यायचं. तिचा बापही तसाच आलाय.

सुलक्षणा : माहितेय हो. सुयोगने पाठ करून घेतलंय माझ्याकडून. पोरांना नावही आईच्या घरचं लागतं म्हणे. धुरी नाव संपलं आपलं.

चंद्रप्रकाश : धुरी नावाने असे काय दिवे लावलेत? आणि गावाला माझ्या भावाची पोरं आहेत ना, वाडी भरून. नाव पुरेल गो.

सुलक्षणा : तुम्हाला सगळ्याची थट्टा. लॅपटॉप उघडला की त्याचं ऑफिस, मग कुठूनही करीन म्हणतो. करू दे. मला ऑफिसचं पडलेलं नाही. मला संध्याकाळी दार वाजायला हवंय. "आई, काय केलंयस?" म्हणत त्याने चपला भिरकावल्या की मी ओरडते ना त्याच्यावर, ते मला हवंय. मी ओरडू कुणावर?

चंद्रप्रकाश : मी आहे ना.

सुलक्षणा : तुमच्यावर ओरडून आता मजा येत नाही. तुम्हाला ऐकूच येत नाही. … आणि सोसायटीत काय सांगू? सुलक्षणाबाईंचा मुलगा घरजावई झाला?

चंद्रप्रकाश : मला काय म्हणायचे लोक?

सुलक्षणा : तुमचं वेगळं होतं.

चंद्रप्रकाश : काय वेगळं? सांग ना.

सुलक्षणा : जागा नव्हती म्हणून आलात तुम्ही. रीत म्हणून नाही.

चंद्रप्रकाश : लोक रीत बघून हसतात का? भावाच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, हे खरं. तुझ्या आईने असल्फ्याच्या खोलीतला पोटमाळा रिकामा करून दिला. दिवसभर मी लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचो, त्यांना वर पोचवायचो, आणि घरी शिडीने चढून रोज त्या वाशावर डोकं आपटायचो. सकाळी नळावर गेलो की तो शेजारच्या नितेशचा बाप मुद्दाम मोठ्याने म्हणायचा, "आले जावईबापू, त्यांना आधी भरू द्या!" सगळी लाईन हसायची.

सुलक्षणा : आई गेली होती एकदा त्याच्या अंगावर.

चंद्रप्रकाश : एकदाच. पण काय गेली! बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "माझी पोर माझ्या घरात राहिली. तुमच्या तुम्ही धाडल्यात. हसताय कुणाला?" दुसऱ्या दिवसापासून नळ शांत. बाजारातून पापलेट आलं की मधली तुकडी माझ्या पानात. तुला शेपूट.

सुलक्षणा : मला डोकं. शेपूट माझ्या बहिणीला, बेबीला.

चंद्रप्रकाश : बघ, अजून आठवतं. सुलक्षणा, एक बोलू? चिडू नको. तू सासरी गेलीस कधी?

सुलक्षणा : म्हणजे? गणपतीला गावाला जायचे की दरवर्षी.

चंद्रप्रकाश : ते पाहुणी म्हणून. तू सासरी नांदलीच नाहीस. मी नांदलो. तू आईच्या हाताखाली मशीन शिकलीस, सुयोगला तिच्या मांडीवर टाकून गिऱ्हाइकं केलीस, आणि ती गेली तेव्हा शेवटचा घोट तुझ्या हातून घेतला तिने. बेबी सुरतेहून निघाली, ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बेबी अजून त्या गोष्टीवर रडते. तू नाही रडत. तुला कसलं बोचणंच नाही. तुला जे आयतं मिळालं, तेवढंच ती पोर मागतेय. मला आपलं हे सकाळपासून तुला सांगायचं होतं, धीर होत नव्हता. सुपारीने आला बघ.

सुलक्षणा : कणीस भाजतायत तिकडे. वास येतोय.

चंद्रप्रकाश : आणू?

सुलक्षणा : नको. बसा. … तुमच्या आईला काय वाटलं असेल हो तेव्हा? मी कधी विचारलंच नाही.

चंद्रप्रकाश : आता काय त्याचं.

सुलक्षणा : सांगा ना. त्या आल्या होत्या एकदा असल्फ्याला. तांदूळ आणि कुळीथ घेऊन. खालीच बसून राहिल्या, पोटमाळा बघायला शिडी चढल्या नाहीत. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

चंद्रप्रकाश : माडावर चढणाऱ्या बाईचे गुडघे? नाही गो. तिला बघायचं नव्हतं. मी तिला गावच्या गाडीत बसवायला गेलो, तेव्हा खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाली, "चंदू, तुका थंय पोटभर जेवक गावता मां?"

सुलक्षणा : मग?

चंद्रप्रकाश : म्हटलं, गावता गो आये. म्हणाली, "मगे बरां."

सुलक्षणा : एवढंच?

चंद्रप्रकाश : एवढंच. परत कधी विषय काढला नाही तिने. ना मला टोचून बोलली, ना तुला.

सुलक्षणा : रडल्या का?

चंद्रप्रकाश : माका काय म्हायत. मी कंडक्टरशी बोलत उभा राहिलो. मुद्दाम. … तुझ्या डोळ्यांत काय गेलं?

सुलक्षणा : कणसाचा धूर. … आणि तुम्ही मघापासून खिशात काय चाचपताय सारखं? अजून आणलीत?

चंद्रप्रकाश : माझी नाही. तुझी आहे.

सुलक्षणा : माझी?

चंद्रप्रकाश : मी जिना उतरायला लागलो तर तिने हाक मारली. आपल्यासारखंच मोडकंतोडकं हिंदी तिचं. खाली बोट दाखवलं आणि म्हणाली, "नीचे दीदी को बहुत ठंड लग रहा है. ये खिला दो. गरम होता है."

सुलक्षणा : म्हणजे तिने ओळखलं?

चंद्रप्रकाश : आल्या आल्या ओळखलं असणार. पोरीने फोटो दाखवले नसतील का?

सुलक्षणा : मग बोलली का नाही? तुम्ही तिच्यासमोर शाली उलगडत बसलात, आणि ती गप्प?

चंद्रप्रकाश : तूच सांगितलंस ना, आज भेटायचं नाही म्हणून. सुयोगने तिकडेही तेच कळवलं असणार. ती तुझा शब्द पाळत होती. मोडला तो मी.

सुलक्षणा : आणि मी इथे तिच्याकडे पाठ करून बसलेय. सकाळपासून.

चंद्रप्रकाश : थंडी तिला पाठीवरूनच कळली.

सुलक्षणा : द्या इकडे. … ही तर अर्धीच आहे.

चंद्रप्रकाश : तिने माझ्यासमोर कापली. माझ्यासाठी कापली तेव्हा अर्धी मला दिली आणि अर्धी लगेच स्वतःच्या तोंडात टाकली. ही मात्र कापली, अर्धी पानात बांधून दिली, आणि दुसरी अर्धी बशीत ठेवून दिली. खाल्ली नाही.

सुलक्षणा : का?

चंद्रप्रकाश : मी विचारलं नाही. तुला काय वाटतं?

सुलक्षणा : … माझं तोंड पुसा जरा. नको, शालीने नको, रुमाल द्या. कुंकू ठीक आहे?

चंद्रप्रकाश : ठीक आहे.

सुलक्षणा : हिरवा पडदा ना? पडद्याआड कुणीतरी आहे हो. चष्मा चमकतोय.

चंद्रप्रकाश : डोक्यावर का डोळ्यांवर?

सुलक्षणा : डोळ्यांवर. … दिसतेय का मी तिला एवढ्या गर्दीत? ही बघ गं बाई. ही बघ, घेतली.

चंद्रप्रकाश : अगं, सगळी एकदम नको! सावकाश चाव, कान—

सुलक्षणा : ती बाहेर आली. पडदा सारून बाहेर आली हो. बशी आहे हातात. तिनेही… टाकली तोंडात! हसतेय.

चंद्रप्रकाश : तूही हसतेयस.

सुलक्षणा : आई गं, हे काय आहे! कानात जाळ झाला! शाल धरा. धरा म्हणते ना, उकडतंय मला!

चंद्रप्रकाश : छातीत धडधडतंय का? डॉक्टरला बोलावू?

सुलक्षणा : गप्प बसा. तिला हात करा. नुसते उभे काय? हात करा.

सुयोग : अरे, कुणाला हात करताय पप्पा? चला, उद्याची गाडी ठरली, ड्रायव्हर झकास आहे, मराठी गाणीपण लावतो म्हणाला. आणि आई, नारळाचं टेन्शन सोड, दाफिशाने आसामच्या बाजूने येणाऱ्या कुणाला तरी सांगितलंय, रात्रीपर्यंत— आई? तुझं तोंड असं लाल का?

सुलक्षणा : थंडी होती.

सुयोग : थंडीने लाल? तू क्वाय खाल्लंस? ही इथली सुपारी? यार, वाट लागेल तुझी, सवय नसताना! कुणी दिलं? मी तिकडे सगळ्यांना बजावून ठेवलंय, आज कुणी समोर यायचं नाही. तिची मम्मी बिचारी सकाळपासून पडद्याबाहेर पाऊल टाकत नाहीये, तुला आवडणार नाही म्हणून.

सुलक्षणा : सुयोग, इकडे ये. बस इथे.

सुयोग : काय झालं? रागावलीस? आई, मी सांगतो ना, काही घाई नाहीये. तू मुलुंडला जाऊन, नीट विचार करून—

सुलक्षणा : तुका थंय पोटभर जेवक गावता मां?

सुयोग : काय? तू मालवणी? पप्पा, हिला काय झालं?

चंद्रप्रकाश : तिने विचारलंय ना तुला. उत्तर दे.

सुयोग : गावता. म्हणजे… हो गं. इथे आलो की दोन्ही वेळा भात असतो. पोट भरलं म्हटलं तरी तिची मम्मी उठू देत नाही.

सुलक्षणा : मगे बरां.